ॲडम्स काउंटीत चार दिवस : बारा चौकटी आणि पावणेचार हजार माणसं

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. इंदापूर, माढा, करमाळा. एकतीस वर्षं लोकांचे बांध मोजले आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे शिकागोहून ओमाहाला जाताना विमानाच्या खिडकीतून आयोवा राज्य दिसलं आणि मी हातातला चहा विसरलो. खाली एकही वाकडा बांध नव्हता. चौकोनाला चौकोन लागून, क्षितिजापर्यंत. असली मोजणीची टिपणं आम्ही फक्त खात्याच्या परीक्षेत काढलेली.

मुलगी ओमाहाला राहते. तिने सुट्टी काढून ठेवली होती, यलोस्टोनची चर्चा चालू होती. मी म्हटलं, मला एक काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, बघायचीय. ॲडम्स काउंटी, आयोवा. ती दोन मिनिटं फोनवर काहीतरी शोधत राहिली. "बाबा, अहो, आयोवाच्या ९९ काउंट्यांत सगळ्यांत कमी वस्ती आहे तिथे. २०२० च्या जनगणनेत ३,७०४. आपल्या सोसायटीत त्याहून जास्त माणसं असतील."

ते मला माहीत होतं. मी ती निवडली होती नकाशा बघून. जवळजवळ बरोबर आयत. आडव्या चार आणि उभ्या तीन अशा बारा टाउनशिप, म्हणजे काउंटीच्या चौकटी. प्रत्येक टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल. समुद्र नाही, मोठी नदी नाही, डोंगर नाही. मोजणी शिकायला याहून सोपा कागद मिळणार नाही.

गुरुवार

सकाळी निघालो. ओमाहाच्या दक्षिणेला मिसुरी नदीवर २०१४ साली झालेल्या पुलावरून ३४ नंबरचा हायवे आयोवात शिरतो. आधी नदीकाठचं सपाट रान, आणि मग एकदम समोर टेकड्यांची भिंत. यांना लोएस हिल्स म्हणतात. हिमयुगात मिसुरीच्या पात्रातला बारीक गाळ वाऱ्याने उडून इथे साचला. जगात इतका जाड थर चीन सोडला तर फारसा कुठे नाही. एका दरडीपाशी गाडी थांबवून मी चिमूटभर माती घेतली आणि चोळली. पीठ. आमच्याकडे धाब्याच्या घराला पांढरीची माती आणायचे, अगदी तशी. म्हणूनच असेल, रस्त्यासाठी कापलेली दरड सरळ उभी होती, ढासळलेली नव्हती.

टेकड्या ओलांडल्यावर वाटलं होतं सपाट लागेल. आयोवा म्हणजे परातीसारखं सपाट, असंच ऐकलेलं. पण ते उत्तरेकडचं. शेवटची हिमनदी डे मॉइनपर्यंत आली आणि तिथेच विरली; तो भाग सपाट. इकडे दक्षिणेला बर्फ येऊन गेल्याला पाच लाखांहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे ओढ्यांना जमीन कापायला भरपूर वेळ मिळाला. चढ, लवण, चढ, लवण. माथ्यावर मका आणि सोयाबीन, उतारावर ताली घातलेल्या, लवणात झाडोरा आणि काळी गुरं. ताली बघून मला फार बरं वाटलं. समपातळीचे बांध जमिनीच्या पोटावरून वळत वळत जात होते. या मुलखात वळलेली एवढी एकच गोष्ट.

कारण रस्ता वळत नाही. टेकडी आली तर टेकडीवर चढतो, ओढा आला तर ओढ्यात उतरतो. मी पुढच्या सीटवर बसून गाडीचा आकडा बघत होतो. मैल झाला की आडवा रस्ता. मैल झाला की आडवा रस्ता. मागून ही म्हणाली, "अहो, बाहेर बघा ना जरा. आकडे काय घरी नाहीत का?"

वाटेत व्हिलिस्का नावाच्या गावाची पाटी लागली. जून १९१२ मध्ये तिथल्या एका घरात रात्री आठ माणसांना कुऱ्हाडीने मारलं आणि खुनी कधीच सापडला नाही. आता लोक पैसे देऊन त्या घरात रात्र काढतात. मुलीने ही माहिती मोठ्या उत्साहाने दिली, आणि हिने गाडी थांबवायची नाही असं सांगितलं.

दुपारी कॉर्निंगला पोचलो. हे काउंटीचं मुख्य गाव, वस्ती १,५६४. गाव म्हणावं तर आपल्या मानाने वाडी, पण कचेरी, दवाखाना, धान्याचे उंच सिलो, डेव्हिस ॲव्हेन्यू नावाची विटांच्या जुन्या इमारतींची पेठ, आणि त्या पेठेत १९०२ सालचं ऑपेरा हाउस. ऑपेरा हाउस बरीच वर्षं बंद होतं. लोकांनी पैसा उभा करून २०१२ साली परत सुरू केलं. दीड हजाराच्या गावाला नाट्यगृह! अमेरिकेत ज्याचं नाव म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे तो टीव्हीवरचा जॉनी कार्सन याच गावात १९२५ मध्ये जन्मला. त्याचं घर जपून ठेवलंय. आम्ही बाहेरून बघितलं.

रात्री खानावळीत सँडविच आलं, त्यातला डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा पावाच्या चारी बाजूंनी वीतभर बाहेर. हिने आणि मी खोलीवर धपाटे खाल्ले. झोपायच्या वेळी लांबून रेल्वेचा भोंगा आला. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी गाडी या काउंटीतून रोज जाते, पण इथे थांबत नाही. थांबते ती शेजारच्या काउंटीत, क्रेस्टनला.

शुक्रवार

आजचा दिवस कचेरीचा. मुलगी म्हणाली, "बाबा, सुट्टीत तुम्ही सरकारी कार्यालयात जाणार?" जाणार.

कोर्टहाउस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं, अजून वापरात. आत शिरलो तर रांग नाही, दलाल नाही, झेरॉक्सवाला नाही. रेकॉर्डर म्हणून इथे निवडून आलेला अधिकारी असतो, खरेदीखतं नोंदवतो. आपल्याकडचा दुय्यम निबंधक समजा, फक्त याला मतं मागावी लागतात. काउंटरवरच्या बाईंना मी माझं जुनं ओळखपत्र दाखवलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी ते मनापासून वाचायचा प्रयत्न केला आणि प्लॅट बुक पुढे ठेवलं.

प्लॅट बुक म्हणजे गावनकाशा आणि आठ-अ एकत्र केल्यासारखं. पानाला एक टाउनशिप. टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. नंबर टाकायची तऱ्हा बघून मी हसलो. ईशान्य कोपऱ्यात १, तिथून पश्चिमेला ६ पर्यंत, मग खाली उतरून ७ आणि उलटं पूर्वेला. बैलाने तास धरावं तसं. शेवटचा ३६ आग्नेयेला. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखलेला असायचा. सेक्शनचे चार भाग केले की १६० एकर, त्याचे चार केले की ४०. एवढ्यात सगळी मिळकत सांगून होते: अमुक सेक्शनचा नैऋत्य चतकोर. चतुःसीमा लिहायलाच नको. "पूर्वेस आंब्याचे झाड, पश्चिमेस कै. अमुकचे वारस" हा प्रकार नाही.

ही पद्धत अमेरिकेने १७८५ च्या कायद्याने घातली. आधी मोजायचं, मग विकायचं, मग माणसं येणार. आयोवात मोजणीला १८३६ च्या सुमारास सुरुवात झाली. इथे मला थांबावंच लागलं, कारण त्याच सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी करत होते, जिच्यावर पुढे मुंबई इलाख्याचा सगळा सर्व्हे उभा राहिला. तिकडे त्यांची साखळी ६६ फुटांची, आमची शंकू साखळी ३३ फुटांची, बरोबर निम्मी. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यांच्या साखळीने दहा चौरस साखळ्यांचा एकर, ऐंशी साखळ्यांचा मैल. एकाच घरातल्या दोन साखळ्या. फरक एवढाच की इंदापुरात साखळी टाकली तेव्हा शेतं आधीच होती, वाकडीतिकडी, पिढ्यान्‌पिढ्यांची. मोजणीदाराने फक्त बांधामागून जायचं. इथे साखळी पोचली तेव्हा छातीएवढं गवत होतं. पोटावाटोमी लोकांकडून १८४६ च्या कराराने जमीन काढून घेतलेली, आणि त्यांना मिसुरीपलीकडे धाडलेलं. रेघ मारायला अडवणारं कुणी उरलं नव्हतं, हे सरळ रेघेचं कौतुक करताना विसरायला नको.

कागदावर हिशेब केला: २४ गुणिले १८, म्हणजे ४३२ चौरस मैल. प्रत्यक्षात काउंटी सव्वाचारशेच्या आसपास भरते. तूट कुठे गेली हे कुठल्याही मोजणीदाराला विचारा, तो हसेल. उत्तरेकडे जाताना उभ्या रेघा एकमेकींकडे सरकतात, कारण पृथ्वी गोल. तेव्हा प्रत्येक टाउनशिपची चूक तिच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकलायची असा नियमच होता. मला हा नियम अतिशय प्रामाणिक वाटला. आम्हीही चूक ढकलायचो, पण नियमाने नाही.

मग मी विचारलं, बांधाच्या तक्रारी येतात का? बाई म्हणाल्या, येतात की. त्या टाउनशिपच्या ट्रस्टींकडे जातात. गावातून निवडलेले तीन जण, ते "कुंपण बघणारे" म्हणून जाऊन पाहतात आणि निकाल देतात. मी विचारलं, वर्षाला किती? त्यांनी आठवायला इतका वेळ घेतला की मीच विषय बदलला.

भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत जनगणनेचं बोलणं निघालं. १९०० साली या काउंटीत १३,६०१ माणसं होती. १९५० ला ८,७५३. २००० ला ४,४८२. आता ३,७०४. चारांतली जवळजवळ तीन गेली. आणि ही गळती लागली ती ट्रॅक्टर यायच्याही आधी; १९०० ते १९१० या दहा वर्षांत सगळ्या देशात फक्त आयोवा राज्याची लोकसंख्या घटली होती. पश्चिमेला आणि कॅनडात स्वस्त जमीन होती, लोक इथली विकून तिकडे गेले. पुढे ट्रॅक्टर आला, मग कापणी-मळणीचं कंबाइन आलं, मग १९८० च्या दशकात जमिनीचे भाव कोसळले, व्याजाचे दर चढलेले, कर्जात बुडालेल्या शेतांचे लिलाव झाले. आता हिशेब असा की चौरस किलोमीटरला साडेतीन माणसं सुद्धा पडत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती.

दुपारी कॉर्निंगच्या पूर्वेला हायवेला लागून इकारिया बघायला गेलो. हे प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं. एतिएन काबे नावाचा फ्रेंच पुढारी, त्याने खाजगी मालमत्ता नसलेल्या आदर्श गावाचं स्वप्न मांडलं, आणि १८४८ मध्ये त्याची माणसं खरंच बोटीत बसून निघाली. टेक्ससमध्ये हाल झाले. मग मॉर्मन पंथाचे लोक सोडून गेलेल्या नॉवू गावात, इलिनॉयला. तिथे भांडणं होऊन काबेला स्वतःच्याच माणसांनी बाहेर काढलं, तो १८५६ ला सेंट लुइसमध्ये वारला. उरलेले आले या माळावर. जवळ तीन हजार एकर जमीन. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, संध्याकाळी गाणी. पॅरिसचे शिंपी आणि चांभार हातात नांगर धरायला शिकले.

जेवणघर अजून उभं आहे, लाकडी, दोन मजल्यांचं, साधं. खिडकीला नाक लावून मी आत बघितलं: लांबलचक टेबलाची कड आणि उन्हाचा पट्टा. डोक्यात एकच विचार, याच्या नोंदी कशा केल्या असतील? सगळ्या गावाचं एकच खातं. हिस्सा नाही, वारस नाही, फेरफार नाही. खात्याचा माणूस बेकार झाला असता.

पण तसं झालं नाही. १८७८ मध्ये वाटणी झालीच. तरुण एकीकडे, म्हातारे एकीकडे. बायकांना मत असावं की नसावं हाही वादातला एक मुद्दा. प्रकरण कोर्टात गेलं, जमिनीचे दोन भाग झाले. तरुणांपैकी बरेच पुढे कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि म्हाताऱ्यांनी जरा पलीकडे नवं इकारिया मांडलं, ते १८९८ पर्यंत टिकलं. ही सगळं ऐकून म्हणाली, "पन्नास वर्षं एका चुलीवर. आपल्या भावकीत पाच निघाली नाहीत." आता जवळच्या तलावाला इकारियाचं नाव आहे. तलावही माणसाने बांधलेला; या भागात जमिनीखालचं पाणी बेताचं, त्यामुळे दक्षिण आयोवाची भिस्त तलावांवर आणि शेततळ्यांवर.

रात्री पाऊस आला. मुसळधार.

शनिवार

सकाळी लख्ख ऊन. मी म्हटलं आज टाउनशिपा फिरू, जमतील तेवढ्या. पहिलं क्विन्सी. काउंटीला नाव दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांचं, म्हणून पहिल्या मुख्य गावाला त्यांच्या गावाचं नाव. पण रेल्वे क्विन्सीला टाळून दक्षिणेने गेली, आणि १८७२ ला कचेरी रेल्वेकाठच्या कॉर्निंगला हलली. आज क्विन्सीत चार-दोन घरं आणि वारा. नंतर कार्बन, नावावरूनच कळतं, एकेकाळी इथे दगडी कोळशाच्या खाणी होत्या. आता उंबरे मोजायला दोन्ही हातांची बोटं आणि वर थोडी पुरतात. प्रत्येक गाव बघायला साधारण सिगारेट ओढण्याइतका वेळ लागतो, आणि मी सिगारेट सोडलेली.

खरी वस्ती दिसते ती नसलेली. आधी मला कळत नव्हतं, मग नजर बसली. मक्याच्या मधोमध पाच-सहा सीडरची ओळ, उत्तर-पश्चिमेला, म्हणजे इथे घर होतं आणि ही त्याची वाऱ्याची आड. एकटी उभी जुनी पवनचक्की, पाणी उपसायची, पाती गेलेली. सिमेंटचा सिलो, आतून झाड उगवून वर आलेलं. रस्त्याकडेला नारिंगी फुलांच्या झाडांचा सुकलेला दाट गठ्ठा, कुणा बाईने फाटकाशी लावलेला. फाटक नाही, बाई नाही. एका सेक्शनच्या चारी बाजूंनी फिरलो तेव्हा मला अशा पाच जागा सापडल्या. जिवंत घर एक.

आणि मग मी चूक केली. एका पाणंदीच्या तोंडाला पिवळी पाटी होती: बी दर्जाचा रस्ता, देखभाल किमान, आपल्या जबाबदारीवर शिरा. मुलगी म्हणाली, "बाबा, नको." मी म्हटलं, अगं, आख्खी नोकरी असल्या रस्त्यांवर एम-ऐंशीने केलीय. दोनशे फुटांवर गाडी बसली. परवाची पिठासारखी माती पाणी पिऊन लोण्यासारखी झाली होती. चाकं जागच्या जागी फिरली, माझ्या पायातला बूट चिखलात राहिला आणि मी मोज्यावर बाहेर आलो. फोनला रेंज नाही. ही काही बोलली नाही. ते जास्त वाईट.

पाऊण तासाने खडीच्या रस्त्यावरून एक पिकअप गेली, थांबली, मागे आली. सत्तरीचे गृहस्थ, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी. गाडीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, माझ्या मोज्याकडे बघितलं. "परत येतो," म्हणाले. ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आले. साखळी! गाडी बाहेर निघाल्यावर मी त्यांना माझा धंदा सांगितला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. पुढचा तासभर आम्ही दोघं तिथेच कुंपणाला टेकून बोलत होतो, लेक मधूनमधून दुभाषी.

चौदाशे एकर करतात. निम्मी स्वतःची, निम्मी खंडाने. एक चतकोर ॲरिझोनात राहणाऱ्या बाईचा आहे, तिने तो कधी बघितलेला नाही. माणसं? ते, मुलगा, आणि सुगीला एक गडी. या सेक्शनवर त्यांच्या लहानपणी सहा घरं होती. शाळेच्या गाडीत बसायच्या क्रमाने त्यांनी सहाही आडनावं सांगितली. कॉर्निंग आणि व्हिलिस्काची शाळा आता एकत्र आहे, दोन गावांची मिळून एक टीम उभी राहते. मी महाराष्ट्रातली सरासरी धारणा सांगितली, सव्वातीन एकर. आयोवाची सरासरी साडेतीनशेला पाच कमी. ते म्हणाले, सव्वातीन एकरावर घर कसं चालतं? मी म्हटलं, चालत नाही, म्हणून तर माझी लेक ओमाहाला आहे. एकरी पन्नास क्विंटल मका ही इथल्या राज्याची सरासरी ऐकून मी गप्प झालो होतो. तो मका गुरांना आणि इथेनॉलला जातो, माणूस थेट फार थोडा खातो.

मग मी माझा खास प्रश्न विचारला: हे कुंपण कुणाचं? दोन शेतांच्या मधलं, दुरुस्ती कुणी करायची? ते उठले. मला कुंपणाच्या पलीकडच्या बाजूला उभं केलं, स्वतः अलीकडे, दोघांची तोंडं समोरासमोर. "समज आपण कुंपणाच्या बरोबर मध्यावर आहोत. आता उजवा हात वर कर." मी केला. "तुझ्या उजव्या हाताकडची अर्धी तार तुझी. माझ्या उजव्या हाताकडची माझी. संपलं." समोरासमोर उभे असल्यामुळे दोघांचे उजवे हात उलट्या दिशांना, म्हणून अर्धं-अर्धं आपोआप. मी दोनदा करून बघितलं. एकतीस वर्षांत हद्द कायमच्या किती मोजण्या केल्या, साध्या, तातडीच्या, अतितातडीच्या. किती पंचनामे लिहिले. उजवा हात वर करा, असं कुणाला सुचलं नाही. अर्थात सव्वातीन एकरात सुचून उपयोग नव्हता. तिथे वीतभर बांध म्हणजे पावशेर ज्वारी.

निघताना हिने त्यांना शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, डबा घेतला. जाताना म्हणाले, सेक्शनचा कोपरा बघायचा असेल तर चौरस्त्याच्या मध्यावर बघ, खडीखाली खूण असते.

संध्याकाळी उत्तरेकडे गेलो. टेकड्यांवर विजेच्या पवनचक्क्या, पांढऱ्या, प्रचंड. २१ मे २०२४ ला आलेल्या टोर्नेडोने इथल्या काही पवनचक्क्या काडीसारख्या मोडून खाली टाकल्या. तेच वादळ पुढे शेजारच्या काउंटीतल्या ग्रीनफील्ड गावावर गेलं. तिथे चार माणसं गेली, आणि इकडे ॲडम्समध्ये मोटारीत असलेली एक बाई. चौरस किलोमीटरला साडेतीन माणसं असलेल्या मुलखात वादळाला माणूस सापडावं.

रविवार

सकाळी एका टाउनशिपच्या स्मशानात गेलो. देखभाल ट्रस्टी करतात, तेच कुंपण बघणारे. गवत कापलेलं, दगड सरळ. जर्मन, आयरिश, इंग्रज आडनावं. कडेला, जिथे यंत्र पोचत नाही तिथे, उंच तांबूस गवताचा एक पट्टा. मुलगी म्हणाली हे मूळचं प्रेअरीचं गवत. बहुतेक आयोवा एकेकाळी याने भरलेलं. आता हजारात एक भागही उरलेलं नाही, आणि जे आहे त्यातलं बरंचसं अशाच कोपऱ्यांत, नांगर न लागलेलं.

कॉर्निंगला कॉफी प्यायला थांबलो तर शेजारच्या टेबलावर एका आजोबांनी दुधाच्या भावाचा विषय काढला. १९५५ साली नॅशनल फार्मर्स ऑर्गनायझेशन ही शेतकरी संघटना याच काउंटीत सुरू झाली, हे त्यांच्याकडून कळलं. गावचेच माजी गव्हर्नर डॅन टर्नर तिच्या पाठीशी होते. भाव मिळेपर्यंत माल बाजारात आणायचा नाही, हा त्यांचा मार्ग. १९६७ मध्ये गावोगावी दूध ओतून दिलं. मी त्यांना सांगितलं की २०१७ मध्ये आमच्या नगर-नाशिककडेही रस्त्यावर दूध ओतलं. "भाव मिळाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला मिळाला होता का? ते हसले आणि आमच्या कॉफीचे पैसे त्यांनीच दिले.

ओमाहाचा रस्ता धरण्याआधी मी गाडी एका चौरस्त्यावर थांबवायला लावली. चारी बाजूंना सरळ खडी, चारी बाजूंना मका, वाळलेला, वाऱ्याने खसखसणारा. मधोमध उभा राहिलो. खूण दिसली नाही, खडीखाली असणार. मग आठवलं: सेक्शनवरचा रस्ता ६६ फूट, एक साखळी, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ३३. आमची साखळी. बूट नीट घातला आणि कुंपणाच्या दिशेने पावलं टाकायला लागलो. माझं पाऊल अडीच फुटांचं, नोकरीत घोटून घेतलेलं. एक, दोन, तीन. लांबून एक पिकअप आली, चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार केला, तसा इथे सगळेच करतात, आणि माझ्या बाजूने हळूच निघून गेली. अकरा, बारा, तेरा. तेराव्या पावलाला हात लांब केला, आणि तार हाताला लागली.

गाडीच्या खिडकीतून ही म्हणाली, "झाली का मोजणी? तक्रार कुणी केलीय का?"

"नाही," मी म्हटलं, "अर्जदार नाही आणि सामनेवालेही नाहीत."

"मग बसा आत. ऊन लागतंय."